पाच बुधी आणि बोरसे मॅडम

तमाम नंदुरबारकर, शहादेकर, तळोदेकर बंधू-भगिनींना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या कॉलेजातील संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका विमल बोरसे यांचे नाव एका फार मोठ्या शोधनिबंधावरून कायमचे काढून टाकण्यात आले आहे. या दुःखद प्रसंगी कोणीही दुखवटा पाळू नये. स्वतः बोरसे मॅडमनी त्याप्रीत्यर्थ स्टाफरूममध्ये गरम फाफडा आणि तळलेल्या मिरच्या वाटल्या असून उशिरा आलेल्यांना फक्त मिरच्या मिळाल्या आहेत.

मी उशिरा आलेल्यांपैकी होतो. त्यामुळे तो दिवस मला अजून तिखट आठवतो.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो. माझा आणि गणिताचा संबंध दहावीत संपला, तोही गणिताच्या पुढाकारानं. तरी मॅडमच्या बहुतेक भानगडींना मी हजर असे, कारण माझ्याकडे चारचाकी होती आणि मॅडमकडे फक्त स्कूटी. "भाऊ, गाडी काढ," एवढं म्हटलं की मी तासावर रंगात आलेली कवितासुद्धा अर्धी सोडून उठायचो.

बाईंची अंगकाठी बारीक, आवाज मात्र तापीच्या पुरासारखा. पर्समध्ये पावडर-कंगव्याच्या जागी वजनाचा एक ताणकाटा आणि रंगीत चिंध्यांचं गाठोडं. रोजचं बोलणं अहिराणीत, शिपायाशीही आणि प्राचार्यांशीही. पण त्या शुद्ध मराठी बोलू लागल्या आणि समोरच्याला "आपण" म्हणाल्या, की आम्ही खुर्च्या जरा मागे सरकवून घ्यायचो. आता कुणाचं तरी काही खरं नाही.

त्यांच्यासमोर एक शब्द कुणी उच्चारायचा नाही असा अलिखित नियम होता. तो शब्द सरासरी. कुणी चुकून म्हणालंच, की मॅडम लगेच विचारणार, "कोन्ही?" म्हणजे कुणाची. मी एकदा म्हणालो, मॅडम, सरासरीनं तुमचं काय घोडं मारलंय? त्या म्हणाल्या, "भाऊ, सरासरी म्हणजे लगीनमधला फोटो. त्यामा सगळा हसी ऱ्हायनात. भांडन कोठे दिसस त्यामा?"

या वाक्याची प्रचिती मला स्वतःच्या पोटावर आली. शहाद्यात वजन घटवण्याचं एक शिबिर भरलं होतं. पहाटे उठून काकडीचं पाणी प्यायचं आणि संचालकांच्या शिट्टीवर हसायचं. समारोपाला संचालकांनी माइकवरून सांगितलं की शिबिरार्थींचं वजन सरासरी चांगलंच घटलेलं आहे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, माझं वाढलेलं असताना. मॅडम नणंदेला न्यायला आल्या होत्या. त्या मांडवाच्या मागून म्हणाल्या, "ज्यांचं वाढलं, त्यांनी आपले हात वर करावेत." शुद्ध मराठीत. आधी एक हात वर गेला, मग त्याच्या आधारानं दुसरा, मग पाहता पाहता मांडवात कापणीला आलेल्या ज्वारीसारखं दृश्य दिसू लागलं. घट सगळी मोजक्या तीन-चार तगड्या मंडळींची होती. बाकी आम्ही त्या घटीचे भागीदार. संचालक पुढच्या वर्षी नवापूरला शिबिर घेतो म्हणाले.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. औषध असो, शिबिर असो, खत असो, आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे एकाच माणसाचं पाहिजे. माणसागणिक फरक काढायचा आणि ते फरक एकमेकांपासून किती लांब-लांब पडलेत ते बघायचं. सगळे साधारण सारखेच वर चढले असतील, तर औषधाला गुण आहे असं छातीवर हात ठेवून सांगता येतं. कुणी झेपावलं, कुणी घसरलं, कुणी जागचं हललं नाही, असं असेल तर जीभ आवरायची.

हे मुलांना शिकवायला त्या फळा वापरत नसत. हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या पडतात. ओली लाल मिरची माळावर सुकायला पसरलेली असते. नजर पोचेल तिथवर लाल, आणि तिथून परतलेला माणूस दोन दिवस शिंकतो. मॅडम अख्खा वर्ग तिथे न्यायच्या. प्रत्येकानं आपला छोटा ढीग करायचा, ताणकाट्यावर तोलायचा, बाजूच्या काडीला आपल्या रंगाची चिंधी बांधायची. मिरची सुकल्यावर पुन्हा येऊन पुन्हा तोलायचा. एका वर्षी पथारीवरच्या बायांनी मधल्या काळात फावडं मारून सगळे ढीग एक केले आणि चिंध्या केराला लावल्या. पोरं हिरमुसली. मॅडम मात्र खूश. त्यांनी त्याच एक झालेल्या मिरचीचे नवे ढीग घालायला लावले, तोलले, आणि म्हणाल्या, "आते सांगा. ओलं वजन माहीत शे, सुकं वजन माहीत शे. कोनता ढीग किती सुकना?"

कुणालाच सांगता येईना.

"हाई ध्यानमा ठेवा," मॅडम म्हणाल्या. "चिंधी गयी, म्हणजे ढीग गया."

आता मूळ भानगडीकडे येतो.

जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत मुलींना रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. त्याऐवजी एक नवी पावडर आली होती, दुधात किंवा वरणात मिसळायची. शहरातल्या एका संस्थेनं ठिकठिकाणी झालेले लहान-लहान प्रयोग गोळा करून त्या सगळ्यांचं मिळून एक मोठं उत्तर काढायचं ठरवलं. पावडर सरस ठरली, तर आपल्याकडे गोळ्या बंद आणि पावडर सुरू, असं घाटत होतं. प्रयोगांपैकी एक आपल्याच डोंगरातल्या एका मुलींच्या आश्रमशाळेतला होता. अर्ध्या मुलींना गोळ्या, अर्ध्यांना पावडर, आधी रक्त तपासलं, काही महिन्यांनी पुन्हा तपासलं. त्याचे आकडे मॅडमनी सांभाळले होते. म्हणून संस्थेनं त्यांना सोबत घेतलं, निबंधावर नावही घालू म्हणाले.

घोळ असा की इतर प्रयोगवाल्यांनी आपापल्या निबंधात फोटो दिला होता, भांडण दिलं नव्हतं. आधीची सरासरी आणि तिचा पसारा, नंतरची सरासरी आणि तिचा पसारा, एवढंच. मुलीमुलीचा फरक किती पसरला होता, ते कुठेच नाही. आणि हे प्रकरण चालतं गावच्या पंचायतीसारखं. ज्या प्रयोगाच्या बोलण्यात चलबिचल कमी, त्याच्या शब्दाला वजन जास्त. फरकाचा पसारा कळल्याशिवाय हे वजन ठरवायचं कसं?

त्यावर एक तोड आहे, ती मॅडमनी मला घाटात गाडी चालवताना समजावली, त्यामुळे मी ती जीव मुठीत धरून ऐकली. आधीचा आणि नंतरचा आकडा एकमेकांचा हात किती घट्ट धरून चालतात, हे सांगणारा एक अंक असतो. आधी जी खाली होती ती नंतरही इतरांच्या खालीच राहिली, जी वर होती ती वरच, तर हात घट्ट. अंक एकाच्या जवळ जातो आणि फरकाचा पसारा आकसतो. हात सुटलेला असेल तर अंक शून्याकडे जातो आणि पसारा फुगतो. हा अंक मिळाला की उरलेलं सूत्र बारावीचं पोरगंही मांडेल. मिळाला नाही, तर लोक तो गृहीत धरतात.

संस्थेचे प्रमुख डॉ. सबनीस. गोरेपान, अदबीनं बोलणारे. स्टाफरूममधल्या संगणकाच्या पडद्यावर ते म्हणाले, "आम्ही पॉइंट नऊ धरलाय, मॅडम."

"आपण तो कुठून घेतलात?" मॅडम म्हणाल्या. मी खुर्ची मागे घेतली.

"आधीच्या एका मोठ्या आढाव्यात तोच आहे."

"त्यांनी कुठून घेतला?"

"त्यांच्याही आधीचा एक आढावा होता."

"आणि त्यांनी?"

पडद्यावर डॉक्टरांनी मागे वळून पंखा वाढवला.

"म्हणजे पेपर कुणीच सोडवला नाही, प्रत्येकानं पुढच्याचा पाहून लिहिला," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे याला कॉपी म्हणतात, डॉक्टर. भरारी पथक येतं."

डॉक्टर हसले. रागावले नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. म्हणाले, "मग तुमच्याकडे दोन्ही वेळचे आकडे मुलीगणिक आहेत ना? तुमचा अंक काढा. तोच सगळ्यांना लावू."

मॅडमनी काढला. तो शून्याच्या इतका जवळ आला की डॉक्टरांचं पारडं कोसळलंच. हा अंक लावला, तर पावडर सरस आहे असं कुणाच्या बापाला म्हणता येत नव्हतं. मी म्हणालो, मॅडम, जिंकलात, फाफडा मागवा. त्यांनी प्रत्येक मुलीचा एक ठिपका असा तक्ता काढून स्टाफरूमच्या भिंतीला चिकटवला, आडवा आकडा आधीचा आणि उभा नंतरचा, आणि चहाचा कप हातात धरून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. चहावर साय आली.

"भाऊ, रक्त आसं उड्या नही मारस," त्या म्हणाल्या. मग एका ठिपक्यावर बोट ठेवलं. बुधी पावरा. पहिल्या वेळी रक्त झकास, दुसऱ्या वेळी इतकं खाली की पोरगी खाटेवरून उठू नये. "गाडी काढ. पोरगी मरी जाई."

तळोदा मागे पडलं, टपावर माणसं बसवलेल्या जीपा मागे पडल्या, घाट लागला. मॅडम वाटभर एक शब्द बोलल्या नाहीत. हे इतकं अभूतपूर्व होतं की माझं ब्रेककडे दुर्लक्ष झालं.

शाळेच्या पटांगणात मुलींचा कबड्डीचा डाव रंगला होता. मॅडमनी अधीक्षिकाबाईंना विचारलं, "बुधी पावरा कुठे आहे? आजारी मुलगी?"

अधीक्षिकाबाईंनी पटांगणाकडे तोंड करून हाक मारली, "बुधी पावरा!"

पाच मुली पुढे आल्या.

पहिली तर प्रतिस्पर्ध्याची तंगडी हातात धरूनच आली. मॅडम एकीकडून दुसरीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच हाक मारली, "सोमी पावरा!" चार आल्या. "शुक्री पावरा!" तीन आल्या, आणि एक आंघोळीला गेली आहे असं कळलं. त्या डोंगरातल्या अनेक घरांत अजून जन्मवारावरून नाव ठेवतात. बुधवारची ती बुधी. गावच्या गाव पावऱ्यांचं. कित्येकींच्या बापाचं नावही वारावरूनच. हजेरीचे क्रमांक नव्या वर्षात बदलले होते, म्हणून मॅडमनी आधीचे आणि नंतरचे आकडे नावावरून जोडले होते. एका बुधीचं आधीचं रक्त दुसऱ्या बुधीच्या नंतरच्या रक्ताला. सगळे ढीग एक, चिंध्या केरात.

मॅडम व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. मला वाटलं आता रडतील. त्या हसायला लागल्या. इतक्या, की मुलीही हसू लागल्या, का ते न कळता.

"मन्ही चूक शे, भाऊ. आख्खी मन्ही."

मग त्यांनी विचारलं, "तुम्हांला एकमेकींना वेगळं कसं ओळखता येतं ग?"

तंगडीवाली बुधी म्हणाली, "बाई, मी वरल्या पाड्याची. ही सागपाड्याची. ती नदीपाड्याची." हा काय प्रश्न झाला, असाच तिचा सूर होता. तपासणीच्या चिठ्ठ्यांवर दोन्ही वेळा पाड्याचं नाव होतंच. मॅडम सपाटीवरच्या. त्यांनी तो पत्ता समजून सोडून दिला होता.

दुपारभर त्या पायरीवर बसून मॅडमनी मुली पाड्यांप्रमाणे लावल्या. आकड्याला आकडा मिळाला. चार बुधींचं रक्त थोडंफार वाढलेलं निघालं. पाचवी नदीपाड्याची. तिचं आधी कमी होतं, नंतर आणखी कमी झालं होतं. आमच्या तक्त्यात तिचा तळातला आकडा दुसऱ्या बुधीच्या गळ्यात पडला होता आणि तिला मात्र दुसरीचा चांगला आकडा मिळाला होता. हाक मारल्यावर तीही पुढे आली होती, पण मागे, भिंतीला टेकून. बाकीच्या हसताना ती हसली नव्हती. ओठ पांढरे होते. विचारलं तर काही बोलेना.

परतीच्या वाटेला गाडीत अधीक्षिकाबाई पुढे बसल्या आणि मागे मॅडमच्या मांडीवर डोकं ठेवून बुधी झोपली. नंदुरबारच्या दवाखान्यात तपासणीत सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार निघाला. तिचं दुखणंच वेगळं होतं, उपचारही वेगळे सुरू झाले.

जोड्या नीट लागल्यावर मॅडमचा अंक बदलला. शून्याजवळून उठून साधारण मधोमध आला, म्हणजे डॉक्टरांच्या दिशेनं. मी हळूच म्हणालो, "मॅडम, जुना अंक अजून त्यांच्याकडे आहेच. तुमच्या बाजूचा आहे. पाच बुधी आहेत हे कोणाला ठाऊक?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "आपण मराठी शिकवता ना?" त्या म्हणाल्या. "आपण मराठीच शिकवा."

नंदुरबारला बैठक झाली. अधिकारी होते, डॉ. सबनीस आले होते, मला ड्रायव्हर समजून मागच्या रांगेत पाणी दिलं गेलं. मॅडम उठल्या आणि प्रथम स्वतःचीच उलटतपासणी घेतली, अगदी "आपण" लावून. "बोरसे मॅडम, आपण नावावरून जोड्या लावल्यात. वर्षानुवर्षं पोरांना चिंधी शिकवलीत आणि स्वतःची चिंधी हरवलीत." मग नवा अंक सांगितला.

डॉ. सबनीसांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्हीच आमच्या जवळ आलात, मॅडम. मग पॉइंट नऊ ठेवायला आता हरकत नसावी."

"माझी चूक निस्तरली, म्हणून तुमची बरोबर होत नाही," मॅडम म्हणाल्या. "मी शून्य लावून पाहिलं, आमचा अंक लावून पाहिलं, तुमचा लावून पाहिलं. पावडर फक्त तुमच्या अंकावर जिंकते. बाकी कुठेही तिला जिंकली म्हणता येत नाही, हरली असंही म्हणता येत नाही. तिन्ही उत्तरं छापा."

"इतकी उत्तरं दिली तर वाचणारा गोंधळतो."

"गोंधळू दे. खरंच गोंधळ आहे."

अधिकारी घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, मला फक्त एवढंच सांगा. गोळ्या बंद करू का नको?"

"बंद करायला कारण काय आहे आपल्याकडे? एक नक्कल केलेला आकडा. त्यावर मी माझ्या घरचं दूधही बदलणार नाही."

"तुमची सही नसेल तर नाव ठेवता येणार नाही, मॅडम," डॉ. सबनीस म्हणाले. आवाजावरून त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"काढा," मॅडम म्हणाल्या. "स्पेलिंग बघून काढा, दुसऱ्या कुणा बोरसेचं जायचं."

नाव गेलं. निबंध छापून आला. पॉइंट नऊ ठळक, आणि शेवटी बारीक टाइपात एक ओळ की वेगळा अंक धरल्यास निष्कर्ष टिकेलच असं नाही. ती ओळ कुणी घालायला लावली, ते डॉ. सबनीसांना ठाऊक. मॅडमनी ती मोठी करून झेरॉक्स काढली आणि भिंतीवर जुन्या तक्त्याशेजारी चिकटवली. आमच्या जिल्ह्यात गोळ्या चालू राहिल्या. अधिकाऱ्यांनी फक्त इथल्यापुरता, नीट जोड्या लावून नवा प्रयोग करायला सांगितलं, आणि जोड्या कोण लावणार हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. त्याच दिवशी तो फाफडा.

मॅडम पुढे निवृत्त झाल्या आणि मुलीकडे सुरतेला गेल्या. फोनवर आवाज अजून तसाच आहे, फोन कानापासून लांब धरावा लागतो. पण मला त्या दिसतात त्या नव्या प्रयोगाच्या शेवटच्या तपासणीला, त्याच शाळेच्या व्हरांड्यात.

प्रत्येक मुलीच्या मनगटाला पहिल्या दिवसापासून चिंधी होती. पाड्याला एक रंग आणि मुलीगणिक वेगळ्या गाठी. काही मुलींनी ती धुऊन, टोकाला मणी लावून सजवली होती. नदीपाड्याची बुधी औषधाच्या प्रयोगात नव्हती, तिचे उपचार दवाखान्याचे. पण तिनं हट्टानं हात पुढे केला, म्हणून तिलाही हिरवी चिंधी मिळाली होती आणि रांगेत तिचंही रक्त तपासलं गेलं होतं.

तपासणी संपली. बैठकीतले तेच अधिकारी साहेब खुर्चीवरून उठले, त्यांना पुढच्या शाळेला जायचं होतं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि मुलींना सांगितलं की तुमच्या शाळेचं रक्त सरासरी वाढलं आहे, अभिनंदन. टाळ्या सुरू झाल्या. मी मॅडमकडे पाहिलं. तोंड उघडलं होतं, "आपण" ओठांवर आलेलं दिसत होतं.

त्यांच्या आधीच रांगेतून हिरव्या चिंधीचा हात वर झाला. टाळ्या थांबल्या. मॅडम वाकल्या, तो हात हातात घेतला आणि गाठी मोजू लागल्या. भिंतीला टेकून उभी राहणारी ती पोरगी, जिचा आवाज आम्ही कुणी ऐकला नव्हता, साहेबांकडे बघत म्हणाली,

"सगळ्यांचं नका सांगू. माझं किती वाढलं?"